नव्वदला भरणारं कापरं

गाडीची बहुतेक दुखणी उघड्यावर असतात. धूर दिसतो, तेल गळतं, सायलेन्सर फुटला तर मालकाच्या आधी गल्लीला कळतं. एकच दुखणं असं आहे की ते वेळ बघून येतं. ताशी ऐंशीपर्यंत गाडी अगदी शहाणी. पंच्याऐंशीला स्टिअरिंगमध्ये जराशी चुळबुळ सुरू होते, नव्वदला त्याला कापरं भरतं, पंचाण्णवला मनगटावरच्या घड्याळात किती वाजले ते वाचता येत नाही. आणि एकशे पाचच्या पुढे सगळं शांत. जणू गाडी म्हणते, कोण थरथरत होतं? मी नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर सपाटीला मोटारींसाठी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. म्हणजे कायदा पाळणाऱ्या माणसानं ज्या वेगात आयुष्य काढायचं, नेमका तोच पट्टा या दुखण्यानं बळकावलेला. त्यावर घरातून दोन उपाय लगेच सुचवले जातात. बायको म्हणते, "मग ऐंशीनं चला ना, कुणी अडवलंय?" मेव्हणा म्हणतो, "दाजी, मग एकशे दहानं घ्या, तिथं थांबतंय की." पहिल्या उपायात मागचे सगळे हॉर्न आपल्या नावानं वाजतात, आणि दुसऱ्यात वरच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो दंडासकट मोबाइलवर येतो. दोन्ही उपायांत टायरकडे बघायची गरज पडत नाही, हा त्यांचा मोठा गुण.

या कंपाचा पहिला साक्षीदार डॅशबोर्डवरचा गणपती. दुहेरी चिकटपट्टीवर बसवलेला असला तरी नव्वदला तो मान हलवायला लागतो, आणि तीही होकारार्थी. कुणाला काही मागायचं असेल तर खालापूरच्या अलीकडे मागून घ्यावं. घाटात वेग कमी झाला की देव पुन्हा तटस्थ.

दुसरा साक्षीदार मागच्या सीटवर असतो. आमच्या आईला कळंबोली सुटली की झोप लागते, ती टोलनाक्यावर गाडी थांबली की "आलं का पुणं?" एवढं विचारण्यापुरती मोडते. इकडे माझे दोन्ही हात कोपरापर्यंत थरथरतायत आणि मागे आई घोरतेय. ही बातमी कौतुकाची तर आहेच, पण निदानाच्या दृष्टीनं ती सोन्यासारखी आहे. पुढच्या चाकांचा कंप टाय रॉड, रॅक असा चढत थेट स्टिअरिंगमधून हातात येतो. मागच्या चाकांना स्टिअरिंगचा रस्ताच नाही. त्यांचा कंप सीटमधून आणि गाडीच्या तळातून येतो, म्हणजे शुद्ध मराठीत बुडाखाली जाणवतो. तेव्हा हात कापतात आणि आई झोपलेली आहे, याचा अर्थ मागची चाकं बहुतेक निर्दोष. एवढी माहिती एका झोपलेल्या माणसाकडून फुकट मिळते. पण निदान करणाऱ्या एकाही तज्ज्ञानं आजवर विचारलं नाही की मागे कोण बसलं होतं आणि जागं होतं का.

कारण आपल्याकडे निदानाची सुरुवात प्रश्नानं होत नाही. लाथेनं होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहून "टायरचा काहीतरी प्रॉब्लेम आहे" एवढंच म्हणा. जो कुणी जवळपास असेल तो येतो, चाकाकडे बघतो आणि टायरला एक लाथ मारतो. लाथ मारल्यावर तो क्षणभर ऐकतो. काय ऐकतो ते मला अजून कळलेलं नाही. टायरमध्ये हवाच नसेल तर तेवढं लाथेनं कळेल, पण ते लांबूनही दिसतं. तरी लाथ मारल्याशिवाय मत द्यायचं नाही, असा दंडक आहे, आणि तो पेन्शनरांपासून दहावीतल्या मुलापर्यंत सगळे पाळतात.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी लाथ मारली आणि सांगितलं, "अलाइनमेंट."

"काका, पण गाडी एका बाजूला ओढत नाहीये."

"अहो, अलाइनमेंट! दुसरं काही असूच शकत नाही."

काकांची स्वतःची गाडी वर्षभर कव्हराखाली असते. दसऱ्याला झेंडूचा हार घालण्यापुरतं तिचं दर्शन होतं. एकाच जागी इतके महिने उभं राहिल्यानं टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा पडतो, म्हणून ती बाहेर निघाली की पहिले काही किलोमीटर धबधब करत चालते आणि टायर तापून पुन्हा गोल झाले की गप्प होते. २०२०च्या टाळेबंदीनंतर अर्ध्या शहराच्या गाड्यांनी हा अनुभव घेतला. काका त्यालाही अलाइनमेंट म्हणतात.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग या दोन गोष्टी आपल्याकडे पाटीवर इतकी वर्षं शेजारी नांदतायत की लोकांना त्यांचं लग्न लागल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. अलाइनमेंट म्हणजे चाकं गाडीला कोणत्या कोनात बसलीत ते बघणं: टो, कँबर, कॅस्टर. ती बिघडली की सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे किंवा उजवीकडे ओढते, स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं आणि टायर एका कडेनं झिजतो. पण गाडी थरथरत नाही. थरथरणं हा बॅलन्सिंगचा, नाहीतर टायरच्या किंवा रिमच्या गोलाईचा प्रांत. हे दोन वाक्यांत समजण्यासारखं आहे. तरी कापऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आधी अलाइनमेंट करून देतात, कारण त्याचं मशीन मोठं असतं, त्याच्या पडद्यावर लाल-हिरवे आकडे येतात आणि शेवटी छापील कागद हातात मिळतो. कागद मिळाला की आपल्या माणसाचं निम्मं दुखणं बरं होतं.

माझा असा पक्का ग्रह झालाय की ज्याच्याकडे जे यंत्र असतं, त्याला तेच निदान सुचतं. अलाइनमेंटवाल्याला कोन वाकडा दिसतो. ब्रेकच्या डिस्क घासून देणाऱ्याला डिस्क वाकडी दिसते. पेट्रोल पंपाशेजारी हिरव्या टोप्या लावणाऱ्याकडे गेलात तर तो म्हणतो, नायट्रोजन भरा, गाडी मऊ चालेल. आपण फुकट घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन मुळातच असतो, तेव्हा तो विकतो ते उरलेल्या बावीस टक्क्यांचं समाधान. नायट्रोजननं टायरमधला दाब थोडा जास्त दिवस टिकतो, ते खरं. पण चाक वाकडं असेल तर आत कोणता वायू आहे याची चाकाला काही पडलेली नसते.

मग येतं सर्व्हिस सेंटर. तिथं काचेच्या केबिनमध्ये गारवा असतो, कॉफीचं मशीन असतं आणि हातात टॅब घेतलेला एक नम्र तरुण असतो. त्याला सांगितलं की नव्वदला स्टिअरिंग कापतं. त्यानं लिहून घेतलं, "कस्टमर कम्प्लेंट: व्हायब्रेशन." नव्वद लिहिलं नाही. त्याच्या टॅबमध्ये त्याला रकाना नव्हता.

"सर, टेस्ट ड्राइव्ह घेऊन बघू."

सर्व्हिस सेंटर होतं सिंहगड रस्त्यावर आणि वेळ होती संध्याकाळी सहाची. सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता ताशी नव्वद हा वेग केवळ काव्यात शक्य आहे. आम्ही पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात गेलो, पुन्हा पहिल्यात आलो, एका रिक्षामागे थांबलो, एका पाणीपुरीच्या गाडीला वळसा घातला. स्पीडोमीटरचा काटा अठ्ठावीसला शिवून आला. तरुण स्टिअरिंगवर दोन बोटं ठेवून डोळे अर्धवट मिटून बसला होता.

"सर, मला तर काहीच जाणवत नाहीये."

"नव्वदला होतं."

"हो सर, पण आत्ता नाही होत आहे ना?"

यावर काय बोलणार? परत आल्यावर मात्र त्याला काहीच जाणवलं नसतानाही अंदाजपत्रक निघालं. लोअर आर्म, त्याचे बुश, टाय रॉडची टोकं, इंजिन माउंटिंग, शिवाय ब्रेक डिस्क. जे जे गोल किंवा रबरी होतं ते सगळं त्यात होतं, टायर सोडून. आणि तळाशी, "रोड कंडिशनमुळेही असू शकतं," अशी पुस्ती. द्रुतगती महामार्ग काँक्रीटचा आहे, त्याच्या सांध्यांवरून गाडी धडधडते, हे कबूल. पण सांध्यांची धडधड गाडीतल्या सगळ्यांना सारखी लागते आणि डांबरी सातारा रस्त्याला लागलं की संपते. स्टिअरिंगचं कापरं साताऱ्यालाही सोबत येतं.

आता हे नव्वदलाच का होतं, ते सांगायला हवं, कारण इथंच खरी गंमत आहे. माझ्या टायरच्या अंगावर १८५/६५ आर १५ असं लिहिलंय. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, बांधणी रेडियल आणि रिम पंधरा इंची. हिशोब केला तर असं चाक एका फेरीत दोन मीटरला थोडं कमी अंतर तोडतं. ताशी नव्वद म्हणजे सेकंदाला पंचवीस मीटर. म्हणजे चाक सेकंदाला सुमारे तेरा गरके घेतं. आता समजा रिमच्या कडेला एका बाजूला तीस ग्रॅम वजन जास्त आहे. तीस ग्रॅम म्हणजे जेमतेम मूठभर बदाम. पण नव्वदच्या वेगाला हे तीस ग्रॅम चाकाला पावणेचार किलोच्या जोरानं बाहेर ओढतात, आणि ती ओढ चाकाबरोबर फिरत राहते: वर, पुढे, खाली, मागे, सेकंदाला तेरा वेळा. वेग निम्मा केला तर ही ओढ निम्मी होत नाही, चौथाई होते. म्हणून शहरात पत्ता लागत नाही. अठ्ठावीसला तर ती अर्ध्या किलोचीही नसते. आमच्या नम्र तरुणाच्या दोन बोटांना ती कळायची कशी?

मग एकशे पाचला थांबतं का? ओढ तर वाढतच असते. पण चाक, स्प्रिंग, बुश, स्टिअरिंगचे दांडे या सगळ्या गोतावळ्याची डोलायची स्वतःची एक लय असते. चाकाचे धक्के बरोबर त्या लयीत पडले की सगळं कुटुंब एकदम नाचायला लागतं. वेग आणखी वाढला की धक्के लयीच्या पुढे निघून जातात आणि नाच मोडतो. ओढ गेलेली नसते, फक्त तिचा हाताला पत्ता लागत नाही. बेअरिंगला लागतो. म्हणून मेव्हण्याचा एकशे दहाचा उपाय हा खरं तर दुखणं लपवायचा आहे.

हे नाचणं नवीन नाही. १९२०च्या दशकात मोटारींना जाड, कमी दाबाचे टायर बसायला लागले आणि पुढच्या चाकांनाही ब्रेक आले, तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या गाड्यांची पुढची चाकं अशी काही फडफडायला लागली की चालकांच्या हातातून स्टिअरिंग सुटायची वेळ आली. या फडफडीला 'शिमी' म्हणतात; फ्रान्समध्ये ब्रुलिए यांनी १९२५ साली तिच्यावर शोधनिबंध लिहिला. त्या काळी पुढची दोन्ही चाकं एकाच जाड आसाला बांधलेली असत, त्यामुळे एक चाक डोललं की दुसऱ्याला डोलावंच लागे. १९३४च्या सुमारास अमेरिकी कंपन्यांनी पुढची चाकं वेगवेगळी टांगायला सुरुवात केली, त्यामागच्या कारणांत ही शिमीही होती. विमानांना तर तिनं आणखी छळलं. उतरताना नाकाखालचं चाक फडफडून सांगाडाच मोडायचा. सोव्हिएत गणिती केल्डिश यांनी १९४५ मध्ये या चाकाचं गणित सोडवलं आणि पुढच्या वर्षी त्यांना त्यासाठी स्टालिन पारितोषिक मिळालं. हेच केल्डिश पुढे सोव्हिएत विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्या अंतराळ कार्यक्रमामागचा एक मोठा मेंदू ठरले. अंतराळात जाण्याआधी माणसाला पुढचं चाक गप्प बसवावं लागतं, हे आमच्या सर्व्हिस सेंटरला कुणीतरी कळवायला हवं.

त्या शिमीत आणि आपल्या कापऱ्यात एक फरक आहे. त्या शिमीत चाक बाहेरच्या कुणाच्या मदतीशिवाय स्वतःच स्वतःला डोलवत बसतं. ती पाहायची असेल तर मॉलमध्ये जा आणि एखादी जुनी ट्रॉली जरा जोरात ढकला. चारपैकी एक चाक वेड्यासारखं थडथडतं, तीच. (आपल्या वाट्याला नेहमी तीच ट्रॉली येते, पण त्याचं गणित अजून कुणी मांडलेलं नाही.) आपल्या गाडीच्या कापऱ्याला मात्र बहुतेक वेळा कुणीतरी गुन्हेगार असतो: वजन, आकार किंवा सैल झालेला सांधा.

वजनासाठी नाना पेठेत जायचं. पुण्यात गाडीचं काहीही असो, वाट शेवटी नाना पेठेतूनच जाते. तिथं फुटपाथवर टायर रचलेले, टायरांवर दुकानाची पाटी, पाटीखाली मशीन. मशीनवर चाक चढवलं, गरगर फिरवलं. पडद्यावर दोन आकडे आले, आतल्या बाजूचा पंचेचाळीस, बाहेरच्या बाजूचा तीस. दोन आकडे का, तर चाकाला रुंदी असते. एकाच बाजूला वजन लावून चाक वर-खाली उड्या मारायचं थांबलं, तरी ते डावी-उजवीकडे डुलत राहू शकतं. म्हणून आत वेगळं, बाहेर वेगळं.

पोरानं लगेच वजनाच्या पट्ट्या काढल्या. मी म्हटलं, "आधी जुनी वजनं काढ."

"साब, रहने दो ना. जमा देता हूँ."

जमवणं हा या धंद्याचा प्राण आहे. जुनं वजन काढायचं नाही, त्याच्या समोर नवं लावायचं; मग त्या दोघांना समजवायला तिसरं. भारतात ग्रॅमवर विकल्या जाणाऱ्या वस्तू तीनच: सोनं, केशर आणि चाकाला लावायचं शिसं. तेव्हा दुकानदाराला जमवण्यात रस का असतो ते उघड आहे. युरोपीय संघानं गाड्यांच्या चाकांवरचं शिसं २००५ साली बंद केलं. आपल्याकडे ते अजून चाकांवर मिळतं आणि अधूनमधून रस्त्यात पडलेलंही.

मी हटून बसलो तेव्हा त्यानं चाक उलटं केलं. रिमच्या आतल्या बाजूला सुकून दगड झालेली तांबडी माती बसली होती. गणपतीला कोकणात गेलो होतो, तेव्हापासून रत्नागिरी जिल्ह्याचा एक तुकडा माझ्याबरोबर विनातिकीट फिरत होता. गाडी नियमित धुतली जात होती, पण धुणारा बाहेरून धुतो. रिमच्या आत हात घालणं त्याच्या करारात नाही. माती खरवडून, जुनी वजनं काढून पुन्हा फिरवलं तर आकडे पंधरा आणि दहावर आले. पावसाळ्यानंतर ज्यांना कापऱ्याची तक्रार असेल त्यांनी आधी हे करावं, यात दुकानदाराचा फारसा फायदा नाही म्हणून मी सांगतोय.

चारही चाकं शून्य-शून्य झाली. मी महामार्गावर गेलो. नव्वदला स्टिअरिंग कापलं. पूर्वीपेक्षा कमी, पण कापलं. परत नाना पेठेत. पोरानं पुन्हा चाक चढवलं, फिरवलं, मोबाइलकडे बघत उभा राहिला, आणि पडद्याकडे बोट केलं.

"देखो साब. मशीन झीरो दिखा रही है."

"मशीन दाखवू दे, गाडी हलतेय."

"पर मशीन तो झीरो है."

इथं वाद संपतो. आपल्या देशात यंत्राचा आकडा आणि माणसाचा हात यांत भांडण झालं तर हाताचं चुकतं. पण मशीन खोटं बोलत नव्हतं, तेही खरं. ते चाक हवेत फिरवतं, निव्वळ वजन सारखं वाटलं गेलंय का ते बघतं. रस्त्यावर त्याच चाकावर गाडीचा भार असतो. टायर एका जागी जरा उंच असेल, किंवा एका जागी त्याची ताठरता कमी-जास्त असेल, तर वजन शून्य असूनही दर फेरीला एक धक्का बसतोच. टायर फिरताना त्यावर रोलर दाबून हा फरक मोजणारी मशीन असतात, पण ती मोजक्या ठिकाणी. बाकी ठिकाणी डोळे वापरावे लागतात, आणि ते त्या वेळी मोबाइलवर होते.

डोळे वापरणारा एक म्हातारा मेस्त्री शेवटी मिळाला. हडपसरच्या पुढे, पत्र्याच्या शेडमध्ये. त्यानं पहिली गोष्ट ही केली की टायरला लाथ मारली नाही. मी भारावून गेलो. दुसरी गोष्ट, त्यानं बॉनेट उघडलं नाही. एका डब्यावर बसून विचारलं, "किती वेगाला होतंय?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा आला.

"नव्वद."

"ब्रेक दाबल्यावरच का नुसतं चालवतानाही?"

"नुसतं."

"मग डिस्क नाही. त्याच वेगाला पाचवा काढून चौथा टाकला तर फरक पडतो?"

"नाही."

"मग इंजिन नाही, माउंटिंग नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर वाढतं?"

"नाही."

"मग शाफ्टपण नाही. हातात का बुडाखाली?"

"हातात. मागे आई झोपते."

"झोपतात ना? मग पुढचंच चाक."

अंदाजपत्रकातले निम्मे सुटे भाग पान्हा न उचलता निर्दोष सुटले. मेस्त्रीनं पुढची चाकं हलवून सांधे सैल नाहीत ना ते पाहिलं, मग पुढची दोन्ही चाकं मागे टाकली, मागची पुढे. नट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळले, कारण एकाच बाजूनं आवळत गेलं तर चांगलं चाकही तिरकं बसतं. म्हणाला, "आता आईंना घेऊन एक चक्कर मारून या. उगाच लांब जाऊ नका."

सोलापूर रस्त्याला जरा मोकळी जागा मिळाल्यावर काटा नव्वदवर नेला. स्टिअरिंग दगडासारखं स्थिर. गणपतीनं मान हलवणं बंद केलं. आणि मागून आवाज आला, "अरे, हे काय हलतंय सारखं? झोपू देशील का नाही?"

आईची झोप मोडल्याचा इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. तिला तसं सांगितलं, तर ती अधिकच रागावली. पण कापरं चाकाबरोबर पुढून मागे गेलं होतं, म्हणजे दोष चाकातच होता. लोअर आर्म, टाय रॉड आणि इतर सगळी मंडळी सन्मानानं मुक्त.

परतल्यावर मेस्त्रीनं मागची बाजू जॅकवर उचलली आणि खिशातून खडू काढला. शाळेतला, पांढरा. एका विटेवर हात टेकवून तो खडू टायरच्या नक्षीपासून केसभर अंतरावर स्थिर धरला आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवलं. उजव्या चाकावर जवळजवळ सगळीकडे सारखी पुसट रेघ आली. डाव्या चाकावर एका वितीएवढ्या भागावरच पांढरं उमटलं, बाकी टायर काळाच. तिथं त्यानं माझा तळहात फिरवला. नक्षीखाली टेंगूळ लागत होतं.

"आतला पट्टा सुटलाय," तो म्हणाला. रेडियल टायरमध्ये नक्षीच्या खाली पोलादी तारांचे पट्टे असतात. खड्ड्याचा दणका, कमी हवेवर चालवणं, वय, यांनी त्यांच्यातलं रबर सुटायला लागतं आणि वरची नक्षी फुगते. त्याचं पुढचं पाऊल म्हणजे उन्हाळ्यात, भर वेगात, अख्खी नक्षी सोलून निघणं. मेस्त्रीनं तो टायर पुन्हा रस्त्यावर लावू दिला नाही. स्टेपनी चढवून मला घरी पाठवलं. त्याचे पैसे शंभराच्या काही नोटांत आटोपले आणि पावती मिळाली नाही, म्हणून काकांचा या निदानावर विश्वास नाही.

टायरच्या अंगावर २३१९ असा आकडा होता: २०१९ सालचा तेविसावा आठवडा. त्यानंतर त्यानं बरेच पावसाळे पाहिले होते. पण खोबणी चार मिलिमीटर शिल्लक होती, आणि कायद्याला १.६ पुरते. हेच काका धरून बसले. पार्किंगमध्ये त्यांनी त्या सुट्या टायरलाही लाथ मारली. "नक्षी बघा अहो, नवी कोरी! अजून वीस हजार जाईल. नाहीतर निदान स्टेपनीत तरी टाका."

नव्या टायरांची जोडी बसवताना दुकानदारानं टायरवरचा पिवळा ठिपका हवेच्या नळीसमोर आणला, कारण ठिपक्यापाशी टायर हलका असतो आणि नळीपाशी रिम जड. असं बसवलं की वजनं कमी लागतात. ग्रॅमवर पैसे घेणाऱ्या माणसानं हे आपणहून केलं, याची इथं नोंद करतो. मग त्यानं चाकाखाली लिंबू ठेवायला सांगितलं. तेही ठेवलं. त्यानं बॅलन्सिंग बिघडत नाही.

राहता राहिला फुगलेला टायर. तो स्टेपनीत ठेवू नका. स्टेपनी निघते ती रात्री, पावसात, घाटात, आणि तेव्हा हा सोबत असण्यापेक्षा नसलेला बरा. गरजू माणसाला स्वस्तात देऊ नका. गरजूलाही नव्वदनं जायचं असतं. झोपाळा करा, गच्चीवर कुंडी करा. कुंडी केलीत तर मात्र खाली भोकं पाडा. टायरमध्ये पाणी साचलं की डेंग्यूचे डास होतात, आणि मग महापालिकेचा माणूस नोटीस घेऊन येतो. तोही आधी टायरला लाथ मारूनच बघतो.